कुंची

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क,
शनिवार, १४ मार्च २००९

प्रिय प्रमिला,

फोन तू उचलत नाहीस. आभा उचलते आणि "बाबा, ममा इज बिझी" एवढं सांगून ठेवून देते. नऊ वेळा केला, नऊही वेळा तू बिझी. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईला इतकं काय काम असतं हे मला कळत नाही, पण असो. गुणवंतला माझा नमस्कार सांग, किंवा सांगू नकोस. तो "जावईबापू अजून तिकडेच का?" असं विचारणार आणि तू गप्प राहणार, हे मला इथून दिसतंय.

म्हणून पत्र. लग्नाला अठरा वर्षं झाली, तुला कधी पत्र लिहायची वेळ आली नाही. तू कायम हाकेच्या अंतरावर होतीस आणि मी हाक मारायला आळशी.

जानेवारीत तुम्हा दोघींना विमानतळावर सोडलं तेव्हा पंधरा दिवसांत येतो म्हणालो होतो. त्याला आता दोन महिने होत आले. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगतो. सगळ्या स्टाफचे पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात आहेत, माझाही त्यातच. किल्ली मालकाकडे. मालक "थोड्या दिवसांसाठी" लंडनला गेले आहेत. ते आले की कपाट उघडेल, कपाट उघडलं की मी पहिल्या विमानाने पुण्यात. यात माझा काय दोष ते तूच सांग.

करामातलं आपलं घर सोडलं. तुझा मिक्सर आणि आभाची सायकल खालच्या मजल्यावरच्या मंडळींना दिली. मी आता इथे, वर्कशॉपमागच्या स्टाफ हाउसिंगमध्ये खाली एक खोली आहे, तिथे राहतो. हॉटेलचं काम नोव्हेंबरातच बंद पडलं, ते तुला माहीत आहे. ज्या लॉबीसाठी आम्ही सागवानी नक्षीचे पडदे करत होतो, तिथे म्हणे आता नुसते खांब उभे आहेत. त्र्याऐंशी माणसं इथे बसून आहेत. सुतार, पॉलिशवाले, रंगारी. काम नाही, जाता येत नाही. मेसमध्ये डाळ रोज थोडी पातळ होते. मी अ‍ॅडमिन मॅनेजर, त्यामुळे सगळे मलाच विचारतात, आणि मी सगळ्यांना एकच उत्तर देतो.

नक्षीचं काम करणारे सहा मलेशियन आहेत, क्लांतान नावाच्या त्यांच्या एका प्रांतातले. त्यांचा म्होरक्या युसुफ. साठीचा माणूस, हातात पटाशी असली की तरुण दिसतो. सगळे त्याला पाक युसुफ म्हणतात. पाक म्हणजे त्यांच्याकडे काका, वडीलधारा. मीही म्हणतो. तो मला बॉस म्हणतो.

आभाची दहावीची परीक्षा कशी चालली आहे? निदान एवढं तरी कळव.

तुझा,
चारुदत्त


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क,
शनिवार, ११ एप्रिल २००९

प्रिय प्रमिला,

उत्तर नाही. ठीक आहे. तू चिडलीस की पंधरा-पंधरा दिवस बोलत नाहीस, मी मोजायचं कधीच सोडलंय. पण आज तुला एक गंमत सांगायची आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

मी गायला लागलोय. हस मनसोक्त.

दर शुक्रवारी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की मेसच्या मागे, जिथे भिंतीची सावली पडते, तिथे युसुफची माणसं चटया टाकतात. त्यांच्या गावचं हे गाणं, दिकिर बारात म्हणतात त्याला. वाद्यं जवळजवळ नाहीतच. इथे तर रंगाचा रिकामा डबा हाच ढोल. एक गाणारा समोर, आणि बाकीचे मांडी घालून ओळीत. समोरचा एक ओळ म्हणतो, ओळीतले ती टाळ्या वाजवत, खांदे हलवत परत म्हणतात. की झाली पुढची ओळ. पाठ केलेलं काही नाही. समोरचा जागच्या जागी जुळवत जातो. त्याला ते कारुत म्हणतात, आणि आपला कारुत म्हणजे युसुफ.

तो सांगत होता, त्यांच्याकडे भातं कापून झाली की दोन गावांचे संच समोरासमोर बसतात आणि एकमेकांची गाण्यात खिल्ली उडवतात. लग्नात गातात, निवडणुकीत गातात. गावात कालवा फुटला, सरपंच आला नाही, तर तेही गाण्यात येतं. सरपंच समोर बसलेला असतो आणि त्यालाही टाळ्या वाजवाव्या लागतात. मी विचारलं, सरपंच चिडत नाही? युसुफ म्हणाला, "वन मॅन सेइंग, इज कंप्लेंट. हंड्रेड मॅन सेइंग, इज साँग, बॉस." कोणावर चिडणार? शब्द एकाचे, आणि तोंडं शंभर.

सहा माणसांत टाळीला जोर येत नाही, म्हणून त्यांनी इतरांना बोलावलं. नेपाळी आले, केरळचे आले, मग आपला फोरमन मोहिद्दीन आला. दाभोळचा. तो पूर्वी बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता, बरीच वर्षं मलेशियाच्या बंदरांतून फिरलेला. त्याने मला ओढलं. "साहेब, केबिनमध्ये बसून काय करता? या, यल्ला." बसलो. मांडी घालून बसायची सवय सुटली आहे, खिशातला किल्ल्यांचा जुडगा मांडीला टोचतो, पण पाच मिनिटांत टाळी जमली. आणि आवाज, तुला माहीतच आहे, माझा आवाज लहान नाही. आता मला पहिल्या ओळीत बसवतात.

गंमत ही की मला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी एक गाणं पुरतं कळलं! युसुफ आधी हाताने पक्षी उडवून दाखवतो. चिमणी झाडावर, सकाळी उडते, संध्याकाळी आत येते, इतकं हातवाऱ्यांवरून समजतं. आणि पुढे येतं:

कुंची कचिल दि दालम साकू,
तुआन काता, एसोक, एसोक.

कुंची, प्रमिला! चक्क कुंची. आणि मग "एसोक, एसोक" असं इतकं लाडाने म्हणतात की मला खात्री पटली, हे अंगाईगीत आहे. चिमणी आली, कुंची घातली, आता झोप रे अशोक. त्यांच्याकडेही अशोक असतात म्हणजे! मी मोहिद्दीनला विचारलं, अंगाईगीत ना रे हे? तो म्हणाला, "तसंच समजा, साहेब."

तेव्हापासून मला आभाची कुंची आठवते आहे. जांभळ्या खणाची, कडेला मोती लावलेली. सातव्या महिन्यात तू पाय सुजलेले असताना शिवत बसली होतीस आणि मी म्हणालो होतो, दुकानात मिळते की. ती टाकून तर दिली नाहीस ना? पुण्याच्या ट्रंकेत असेल. बघ जरा.

मालक अजून आले नाहीत. किल्लीचं तसंच आहे.

तुझा,
चारुदत्त


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क,
शनिवार, १६ मे २००९

प्रमिला,

आभाशी काल चार मिनिटं बोलता आलं. "पेपर्स वेअर ओके, बाबा. आर यू कमिंग ऑर नॉट?" असं तिने विचारलं. मी म्हणालो, येतोय गं, पासपोर्टचं झालं की. ती म्हणाली, "यू ऑल्वेज से दॅट," आणि मागे तुझा आवाज आला, पोळ्या गार होतायत म्हणून. तुझा आवाज ऐकून मी पुढचं विसरलो.

ऊन वाढलं आहे. माणसं कपाळावर ओला पंचा टाकून खाटेवर पडलेली असतात. हव्वाबी, म्हणजे मोहिद्दीनची बायको, दाभोळहून फोनवर त्याला विचारते की तुमच्या कंपनीला आग का लागत नाही एकदाची. तो मला हसत सांगतो. मी हसतो.

युसुफने मला त्यांच्या गाण्याची रचना समजावून सांगितली. चार ओळी असतात. पहिल्या दोन चिमणीच्या, झाडाच्या, नदीच्या, कशाच्याही. त्यांचा विषयाशी वरवर काही संबंध नसतो. या दोन ओळींना त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ सावली असा आहे. नंतरच्या दोन ओळींत खरं बोलणं. म्हणजे आधी सावली येते, मग माणूस येतो. थेट तोंडावर बोलणं त्यांच्यात असभ्य समजतात म्हणे, पण सावली पुढे पाठवली की काहीही बोलता येतं.

मी त्याला म्हटलं, आमच्याकडे पण हे आहे, उखाणा! वाटीत काय, ताटात काय, अंगणात कोणतं फूल, आणि मग नवऱ्याचं नाव. मग मी त्याला तुझा उखाणा सांगितला. सगळा मांडव कान टवकारून बसलेला, तुझी आत्या पुढे सरसावून बसलेली, आणि तू म्हणालीस, "पहिली ओळ सुचत नाही, चारुदत्तचं नाव घेते, पंगत वाढा." युसुफ इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "युवर वाइफ नो शॅडो, बॉस. ओन्ली मॅन."

खरं आहे. तुझ्याकडे पहिली ओळ कधीच नव्हती. माझ्याकडे पहिल्याच ओळी आहेत, ढिगाने.

बाकी एक छोटीशी गोष्ट. युसुफचा एक जोडीदार आहे गावाकडे. त्यांच्या संचात दोन गवई लागतात, आधीचा धिमं गाऊन बैठक बसवतो आणि मग कारुत पुढे होतो. तीस वर्षं ही दोघं एकत्र गायली. तो जोडीदार आजारी आहे, यकृताचं काहीतरी. युसुफ आठवड्यातून दोनदा केबिनमध्ये येतो. चप्पल बाहेर काढतो, दारात उभा राहतो. "बॉस, पासपोर्ट?" मी म्हणतो, "टुमारो, इन्शाल्ला." तो म्हणतो, "ओके बॉस," आणि जातो. भांडत नाही. त्याने एकदा भांडावं असं मला वाटतं.

मालकांचा परवा लंडनहून फोन आला होता. म्हणाले, चारू, एकही पासपोर्ट बाहेर जाता कामा नये. माणसं गेली तर हॉटेलवाल्यांकडे दावा कुठल्या तोंडाने लावणार, वर्कशॉप चालू आहे हे दिसलं पाहिजे. एक जरी पासपोर्ट गेला तर मी चोरीची तक्रार देईन आणि ती तुझ्या नावावर देईन. असं बोलायची काय गरज होती, तेवीस वर्षं मी त्यांच्याकडे आहे.

तर असं आहे सगळं. मी काय करणार यात.

चारुदत्त

ता. क. वरचं वाचून पाहिलं. मालक लंडनला आणि मी पासपोर्ट कसा देणार, असं तुझ्या मनात आलं असेल. ते फक्त बोलण्याच्या ओघात बोलले.


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क,
शनिवार, २० जून २००९, सकाळ

प्रमिला,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आणि गुणवंतला दाखवू नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

मंगळवारी युसुफचा जोडीदार गेला. त्याच्या मुलाने फोन करून सांगितलं. मी भेटायला गेलो तर युसुफ खाटेवर बसून लाकडाच्या एका तुकड्यावर पान कोरत होता. मी म्हणालो, सॉरी, पाक युसुफ. तो म्हणाला, "ही वेटेड, बॉस." बस, एवढंच. पुन्हा मान खाली घातली.

काल शुक्रवार. मला वाटलं या आठवड्यात गाणं नसेल. पण चटया टाकल्या होत्या, उलट नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मोहिद्दीन म्हणाला, त्यांच्या जोडीदारासाठी बसतायत. आधी जोडीदाराचा भाग असतो तो युसुफने मोकळा सोडला. नुसता डबा वाजत राहिला आणि समोर कोणी नाही. मग तो उठला, पुढे आला आणि त्याने तेच गाणं धरलं. चिमणी, झाड, सकाळ, संध्याकाळ. मला वाटलं, बरोबर आहे, मेलेल्या मित्राला अंगाई म्हणतोय. माझे डोळे भरून आले. आणि मी, प्रमिला, सगळ्यांत मोठ्याने ओरडलो. कुंची कचिल दि दालम साकू! तुआन काता, एसोक, एसोक!

माझ्याभोवतीचे आवाज एकेक करून बंद झाले. मी डोळे मिटून चालूच होतो. मग खांद्यावर हात पडला. मोहिद्दीन होता. म्हणाला, "साहेब, खलास. गप्प बसा आता."

मी विचारलं, काय झालं?

"साहेब, मी इतके दिवस बोललो नाही, ते चुकलं माझं. कुंची म्हणजे चावी. त्यांच्या बोलीत चावीला कुंची बोलतात. आणि एसोक म्हणजे उद्या."

तो म्हणाला, "चावी छोटी, खिशात हाय. साहेब बोलतो, उद्या, उद्या. हे गाणं तुमच्यावर हाय, साहेब. मार्चपासून हाच सवाल विचारतायत तुम्हाला. आणि तुम्हीच पहिल्या लायनीत बसून तो आम्हाला परत परत बोलून दाखवता."

त्र्याऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती. एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझ्या मांडीला जुडगा टोचत होता.

तर आता ऐक. किल्ली माझ्याकडे आहे. पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मालकांनी जाताना माझ्या हातात दिली, गेल्या ऑगस्टमध्ये, आणि मी ती जुडग्यात घातली. ज्या दिवशी मी तुला करामातल्या स्वयंपाकघरात सांगितलं की पासपोर्ट अडकलाय, तेव्हा तो जुडगा ओट्यावर, तुझ्या हाताजवळ पडला होता. तू तो उचलून मला दिलास, कारण मी निघताना नेहमी विसरतो.

मालकांना मी घाबरतो हे खरं आहे, पण तेवढंच खरं असतं तर मी तुला सांगितलं असतं. मला यायचं नव्हतं. एकोणपन्नासाव्या वर्षी, नोकरी नाही, पुण्यात तुझ्या भावाच्या घरी, हॉलमधल्या दिवाणावर. दर दिवाळीला मी तिथे अत्तराच्या बाटल्या आणि खजुराचे डबे घेऊन जायचो आणि गुणवंतला सल्ले द्यायचो. आता तो मला सल्ले देणार आणि ते बरोबर असणार. कपाट बंद होतं तोवर मी अडकलेला माणूस होतो. बिचारा चारुदत्त. कपाट उघडलं की मी नुसता रिकामा माणूस. म्हणून मी त्र्याऐंशी माणसांना माझ्याबरोबर आत कोंडून ठेवलं. आणि एक जण तिकडे युसुफची वाट बघून मेला, तो तर या कपाटात नव्हताही.

मला लाज वाटते. हे लिहिताना वाटते, वाचताना तुला वाटेल तीही माझीच.

आज दुपारी चार वाजता कपाट उघडणार आहे. मोहिद्दीनला सांगितलंय, सगळ्यांना मेसमध्ये बोलव. तो म्हणाला, "नक्की ना, साहेब? एसोक नाही ना?" पहिल्यांदा त्याने माझी चेष्टा केली.

चारुदत्त


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क,
शनिवार, ११ जुलै २००९

प्रमिला,

पाकीट उघडताना काहीतरी खाली पडलं असेल. ती किल्ली आहे. बघ, केवढीशी आहे. कपाट आता रिकामं आहे, दार उघडंच असतं. मेसवाल्याने त्यात कांदे ठेवले आहेत.

त्या दिवशी मी नावं पुकारत गेलो. ज्याचं नाव येई तो पुढे यायचा, आपला फोटो उघडून बघायचा, मग खिशात ठेवायचा आणि वरून हात दाबून धरायचा. एका रंगाऱ्याने फोटो बघून शेजाऱ्याला विचारलं, हा मीच ना? युसुफ शेवटी आला. मी त्याला काय म्हणणार होतो ते पाठ केलं होतं, पण त्याने पासपोर्ट घेतला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला, मग स्वतःचे हात छातीला लावले, त्यांच्या पद्धतीने. मी पाठ केलेलं राहून गेलं.

माझा पासपोर्ट मी तुझ्याकडे येण्यासाठी शर्टाच्या खिशात ठेवला. सोळा दिवस होता तिथे. इथले व्हिसाचे कागद होईपर्यंत म्हणून थांबलो, सत्तावीस माणसं गेली, बाकीची जाणार होती, मोहिद्दीनला मुंबईच्या विमानाचं पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळालं. मीही त्याच विमानाचं बघत होतो.

सोमवारी पोलिसांचं बोलावणं आलं. मालकांनी म्हटल्याप्रमाणे केलं. तक्रार माझ्या नावावर आहे, कंपनीच्या ताब्यातले कागद परवानगीशिवाय वाटले म्हणून. तिथला साहेब तरुण होता, नीट वागला, चहा दिला. म्हणाला, कागद ज्यांचे त्यांना दिले यात तो काही मोठा गुन्हा बघत नाही, पण तक्रार आहे, तर चौकशी होईपर्यंत देश सोडता येणार नाही. पासपोर्ट जमा करा. मी खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्याने पावती दिली. किती दिवस, असं विचारलं. तो म्हणाला, "बुकरा, बुकरा." अरबीत त्याचा अर्थ उद्या, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

तर माझा पासपोर्ट अडकला आहे, प्रमिला. या वेळी खरंच. हे वाक्य मी तुला इतक्या वेळा खोटं सांगितलंय की आता ते खरं सांगायची मला सोय उरली नाही. पावतीची झेरॉक्स जोडणार होतो. मग वाटलं, बायकोला झेरॉक्स जोडायची वेळ आणली तर मग उरलं काय. जोडली नाही. विश्वास ठेव असंही म्हणत नाही.

काल युसुफचा इथला शेवटचा शुक्रवार होता. विमान उद्या पहाटेचं. चटया टाकल्या. पन्नासेक माणसं उरली आहेत. मी आपला मागच्या ओळीत, कोपऱ्यात बसलो. युसुफने दोन गाणी म्हटली, त्यात हव्वाबीला मोहिद्दीन परत मिळणार म्हणून तिची कीव केली, म्हणजे मोहिद्दीनने तसा अर्थ सांगितला. मग तो उठला, माझ्याकडे आला आणि मला हाताला धरून पुढे नेलं. कारुतच्या जागेवर उभं केलं आणि स्वतः जाऊन पहिल्या ओळीत, माझ्या जागेवर मांडी घालून बसला.

मी म्हटलं, मला मलय येत नाही. तो म्हणाला, "युवर लँग्वेज, बॉस. वी फॉलो."

डबा वाजायला लागला. पन्नास माणसं टाळ्या वाजवत माझ्या तोंडाकडे बघत होती. आधी सावली पाठवायची, दोन ओळी, चिमणी, झाड, काहीही. जन्मभर मी तेच केलं. आणि कालच मला एकही पहिली ओळ सुचेना. चिमणी नाही, करामा नाही, तुळस नाही. डबा वाजतोय, माणसं थांबलीत. मला तुझी पंगत आठवली.

मी म्हटलं, "प्रमिला, मी खोटं बोललो."

युसुफने पहिला आवाज लावला. मागोमाग सगळ्यांनी. नेपाळ्यांनी, केरळवाल्यांनी, क्लांतानच्या बाकी पाचही जणांनी. "प्रोमिला, मी खोतं बोल्लो." खांदे हलवत, हसत, टाळ्या वाजवत. ओळ दोनदा म्हणायची असते, म्हणून दोनदा म्हणाले.

मी म्हटलं, "किल्ली माझ्या खिशात होती."

"किल्ली माज्या खिसात होती." मोहिद्दीनच्या टाळ्या थांबल्या होत्या. तो खाली बघत होता. मग त्यानेही म्हटलं, अगदी हळू, पण शुद्ध.

तिसरी ओळ मी म्हटली नाही. ती तुझ्याशी बोलायची आहे, त्यांच्यापुढे नाही. ती अशी आहे की मला घरी यायचं आहे. दिवाणावर झोपेन. गुणवंतचे सल्ले ऐकेन. मला सोडतील तेव्हा येईन. तो दिवस कोणता ते मला माहीत नाही, आणि उद्या हा शब्द मी आता तोंडात घेणार नाही.

गाणं संपल्यावर युसुफ विचारत होता, व्हॉट वी सिंग, बॉस? मी म्हटलं, अंगाईगीत.

चारुदत्त